ऐकू जाईल असे कौतुक

मराठी मुलखात आपल्या माणसांचे कौतुक करण्याची सर्वांत समृद्ध परंपरा जात्यावरच्या ओवीत सापडते. मात्र ज्याचे कौतुक चालले आहे त्याच्या कानापर्यंत ते क्वचितच पोहोचत असे. पहाटे, सारे घर झोपेत असताना, दोघीजणी जात्याच्या दोन बाजूंना बसत, खुंट्यावर एकीच्या हातावर दुसरीचा हात पडे, मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचे धान्य, जात्याच्या तोंडात जाई आणि दगडाच्या घरघरीतून आधी देवाची, मग आईवडिलांची आणि त्यानंतर भावाची ओवी उमटे. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्री जीवन’मध्ये संकलित केल्या आणि पुढे पुण्यातून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना पहिल्यांदा जाणवते ती त्यांतील मायेची विपुलता. लेकीची वाट पाहणारी आई, मुराळी होऊन येणारा भाऊ, अंगणात खेळणारे तान्हे बाळ, सुखदुःख वाटून घेणारी शेजीण, यांपैकी कुणाचे रूप, कुणाचे चालणे, कुणाचा स्वभाव ओवीने टिपला नाही असे झालेले नाही. पण भाऊ दूर गावी असे, आई माहेरी असे, मुलगा आत वाकळेखाली झोपलेला असे. उजाडले की जाते थांबे, पीठ भरले जाई, आणि पहाटे ज्याला चंद्रसूर्याची उपमा मिळाली होती त्या मुलाला दिवसभर ‘ऊठ, किती लोळतोस’ एवढेच ऐकू येई.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर किंवा परसात गेली आणि त्या ओव्यांचा प्रसंगच संपला. पाठीमागचे कौतुक मात्र टिकून राहिले. आजही मराठी घरात वडील आपल्या मुलीच्या गुणांचे वर्णन कार्यालयातील सहकाऱ्यांपुढे भरभरून करतात आणि मुलीला ते लग्नात एखाद्या पाहुण्याकडून कळते. सासू शेजारणीपाशी सुनेच्या हातच्या चवीची वाखाणणी करते आणि सुनेच्या वाट्याला ‘मीठ जरा बेतानं’ एवढेच येते. ही कंजुषी प्रेमाच्या अभावातून आलेली नाही. तिच्यामागे एक जुनी भीती आहे. तोंडावर कौतुक केले की दृष्ट लागते, म्हणजे कुणाच्या नजरेने त्या चांगल्या गोष्टीला बाधा होते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. म्हणून बाळाच्या गालावर काळी तीट आली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणे आले आणि गुण दिसले तरी ते बोलून न दाखवण्याची सवयही आली. तिला दुसऱ्या समजुतीची जोड मिळाली, ती अशी की कौतुकाने मूल शेफारते, डोक्यावर बसते. दृष्टीवरचा विश्वास पुष्कळ घरांतून ओसरला, शेफारण्याची धास्ती मात्र शिकल्यासवरल्या घरांतही तशीच आहे.

ही धास्ती सर्वस्वी निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दहाअकरा वर्षांच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. ती सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले. पुढे काम निवडण्याची वेळ आली तेव्हा हुशार म्हणवलेल्या मुलांचा कल सोप्या कामाकडे गेला, कठीण कोड्यांवर अपयश आल्यावर त्यांची कामगिरी अधिक घसरली आणि त्यांच्यातील बऱ्याच मुलांनी आपले गुण इतरांना सांगताना वाढवून सांगितले. मेहनतीची दाद मिळालेली मुले मात्र कठीण कामाकडे वळली. याचा उलगडा अवघड नाही. हुशारीचा शिक्का बसला की तो पुसला जाईल अशा प्रत्येक ठिकाणापासून मूल दूर राहू लागते आणि स्वतःभोवती एक कुंपण घालून घेते. जे आधीच येते तेवढेच करायचे आणि जे येत नाही ते ‘माझ्या आवडीचे नाही’ म्हणून सोडून द्यायचे, असा त्या कुंपणाचा आकार असतो. अनेक मराठी घरांत दहावीला बोर्डात झळकलेला मुलगा चाळिशीत साधी पोहण्याची शिकवणी लावायला कचरतो, कारण पाण्यात तो चारचौघांसारखा नवशिका दिसणार असतो. जुन्या माणसांना कौतुकातला धोका कळला होता. त्यावरचा त्यांचा उपाय, म्हणजे मौन, तेवढा चुकला. जे केले त्याचे नेमके नाव घेऊन केलेली प्रशंसा माणसाला शेफारवत नाही, उलट पुढच्या कष्टाला बळ देते, हे त्याच प्रयोगांतून दिसते.

घरात कौतुकाचे ठरलेले प्रसंग नाहीत असेही नाही. औक्षण हा त्यांतला सर्वांत देखणा प्रसंग म्हणावा लागेल. पाटाभोवती रांगोळी, तबकात तेवते निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. कपाळाला कुंकू लावून, डोक्यावर अक्षता टाकून, सुपारी आणि अंगठी ओवाळून मग निरांजन ओवाळायचे आणि समोरच्याला दीर्घायुष्य चिंतायचे, असा तो विधी आहे. साठी पूर्ण झाली की षष्ट्यब्दिपूर्तीची शांत होते. एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन होते, कारण दोन पौर्णिमांमधील सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे अंतर धरले तर हजार पौर्णिमा पाहायला माणसाला जवळजवळ एक्याऐंशी वर्षे लागतात. आकाशातील चंद्र मोजून माणसाचे वय साजरे करणारी ही कल्पना अतिशय सुंदर आहे. परंतु या सर्व प्रसंगांत तबक कुणाच्या हाती असते आणि पाटावर कोण बसते, हे पाहिले की एक फट दिसते. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, परीक्षेला निघालेल्या मुलाला आई ओवाळते. जी ओवाळते तिच्या स्वतःच्या वाढदिवसाची तारीख कित्येक घरांत पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणी लिहूनच ठेवलेली नसते आणि तिच्या आधारकार्डावर अंदाजाने एखादी तारीख पडलेली असते. तिच्या वाट्याला डोहाळजेवण येते, ओटी येते, हळदीकुंकू येते. हे सर्व मानाचे खरे, पण तो मान तिच्या मातृत्वाचा आणि सौभाग्याचा असतो. तिने चाळीस वर्षांत काय काय जुळवून आणले, कोणते निर्णय घेतले, कोणते कसब कमावले, त्याचे नाव घेऊन कुणी तबक उचलत नाही. अलीकडे काही घरांतून मुले आईला ओवाळतात, पाडव्याला पतीही पत्नीला ओवाळतो. हा बदल स्वागतार्ह आहे आणि तो वाढावा.

ज्याच्या गुणांची दखल घेतली जात नाही त्याचे गुण नाहीसे होतात असे नाही, पण ते घराच्या भिंतीआड राहतात. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण येथे पुन्हा नीट पाहण्यासारखे आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या, लहान वयात लग्न होऊन जळगावला आलेल्या, ऐन उमेदीत वैधव्य आलेल्या आणि शेतीत राबलेल्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हते. दळताकांडताना, शेतात काम करताना त्यांच्या तोंडून लेवा गणबोलीतील गाणी येत गेली. त्यांचे पुत्र सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले, हे महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा गुन्हा ठरेल अशा अर्थाचे उद्गार अत्र्यांनी काढले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

ही हकिकत सांगताना अत्र्यांच्या उद्गारावर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे, कारण त्या पारखी नजरेवाचून पुस्तक झाले नसते. तरीही त्याहून मोठी घटना त्याआधी कितीतरी वर्षे घरातच घडली होती. रोज कानावर पडणाऱ्या आईच्या बोलण्यात टिपून ठेवण्याजोगे काही आहे असे मुलाला वाटले आणि त्याने लेखणी उचलली, याहून मोठे कौतुक कोणत्याही आईच्या वाट्याला आले नसेल. त्या लेखणीने बहिणाबाईंना ‘तू कवी आहेस’ असे बिरुद दिले नाही. त्यांचे शब्द जसे होते तसे मोलाचे मानले. दुसरी बाजूही दुर्लक्षू नये. आईची बोलीतली गाणी शिष्ट साहित्याच्या दरबारात कशी न्यावीत, असा संकोच सोपानदेवांना वाटत होता असे सांगितले जाते. तो संकोच त्या काळाचा होता आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. माणूस स्वतःची मर्यादा एकटाच आखत नाही. त्याच्यावर जिवापाड प्रेम करणारी माणसेही त्याच्या वतीने ती आखून ठेवतात, आणि पुष्कळदा त्याला कुणी हसू नये या काळजीपोटीच आखतात. आपली गाणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली हे बहिणाबाईंना कधीच कळले नाही.

‘आता या वयात काय शिकायचं’, ‘आपल्याला नाही बाई जमायचं’, ‘आमच्यात कुणी धंदा केला नाही’, ‘मला कुठं चारचौघांत बोलता येतं’, अशी वाक्ये मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारली जातात की ती ऐकणाऱ्याला विनयाची वाटतात. स्वतःहून घालून घेतलेली बंधने असे त्यांना म्हणण्याची रीत आहे आणि उत्तेजनपर भाषणांत ती झुगारून देण्याचे आवाहनही वरचेवर होते. त्या आवाहनात थोडी घाई असते. जिला सहाव्या वर्षी शाळेऐवजी धाकट्या भावंडाला कडेवर घ्यावे लागले, तिने सत्तराव्या वर्षी ‘अक्षर आपल्यासाठी नाही’ असे म्हटले तर ते बंधन तिने स्वतः घातलेले नसते. बाहेरून लादलेले कुंपण वर्षानुवर्षे अंगवळणी पडून तिच्या मनाचा भाग झालेले असते. तिला ‘मनात आणलं तर सगळं जमेल’ एवढे सांगून भागत नाही. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडलेली स्वक्षमताविश्वासाची संकल्पना, म्हणजे एखादे विशिष्ट काम आपल्या हातून होईल असा माणसाचा भरवसा, येथे उपयोगी पडते. हा भरवसा त्यांच्या मते चार वाटांनी येतो: काम स्वतः करून पाहून मिळालेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमलेले पाहणे, विश्वासू माणसाने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीरमनाची अवस्था, म्हणजे छातीत धडधडते आहे की स्वस्थ वाटते आहे. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम आणि नुसत्या शब्दांची वाट त्या मानाने दुबळी, असे बांदुरा सांगतात. शब्दांची खरी कामगिरी माणसाला पहिल्या प्रयत्नाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडण्याची आहे.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या लहानशा गावात या चारही वाटा एकत्र आलेल्या पाहायला मिळाल्या. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर वयस्क बायकांची एक खंत आली, की पोथीचे वाचन ऐकता येते पण ती स्वतःला वाचता येत नाही. आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडीचा गणवेश नेसून, खांद्याला दप्तर आणि दप्तरात पाटी घेऊन दुपारी दोन ते चार वर्गात येऊ लागल्या, कारण तेव्हा घरचे आणि शेताचे काम थोडे हातावेगळे झालेले असते. शिकवणारी बाई गावातलीच एक सून होती आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासूही होती. या एका गोष्टीत केवढी उलटापालट आहे! ज्या नात्यात आजवर चुका दाखवण्याचा अधिकार एकाच बाजूला असे, तेथे सुनेने सासूचा थरथरता ‘ग’ हात धरून गिरवून घ्यायचा आणि जमल्यावर ‘छान’ म्हणायचे. घरी नातवंडे आजीचा गृहपाठ घेत. दिसायला कमी, ऐकायला कमी, कालचे अक्षर आज आठवत नाही, अशा अडचणी होत्याच आणि कुणी फडाफडा पोथी वाचू लागले असा चमत्कार तेथे शोधू नये. पण ज्यांचा अंगठा आयुष्यभर बँकेत आणि कचेरीत शाईच्या डबीवर दाबला गेला होता त्यांतल्या कित्येकींनी स्वतःची सही केली. सहीची चार अक्षरे ही फार मोठी विद्या नाही, हे खरे. पण अंगठ्याला लागलेली निळी शाई डोक्याला किंवा भिंतीला पुसून खाली मान घालून बाहेर पडण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्या चार अक्षरांची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

फांगण्याच्या यशात गणवेशाचा वाटा कमी लेखू नये. म्हातारपणी, त्यातही वैधव्यात, फिक्या रंगात मिसळून जाण्याची सवय झालेल्या बायकांना गावाने गुलाबी रंगात रस्त्यावरून जाताना पाहिले, आणि त्यांनी एकमेकींनाही तसे पाहिले. शेजारच्या घरातील पंच्याहत्तरीची बाई पाटी घेऊन निघाली की सत्तरीच्या बाईजवळ वयाची सबब उरत नाही. याआधी महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावातील प्रौढांना काही महिन्यांत साक्षर करायचे असा तिचा आराखडा होता, आणि उद्दिष्ट गाठलेल्या गावात ग्रामगौरव समारंभ, म्हणजे अवघ्या गावाचा जाहीर सत्कार होत असे. तो सत्कार कुणा एकट्याचा नसे, त्यामुळे शिकणारा आणि शिकवणारा दोघेही त्यात मान ताठ करून उभे राहू शकत. मोहीम राज्यभर पसरली. पण पुढे वाचनाचा सराव जेथे राहिला नाही तेथे कित्येक नवसाक्षर पुन्हा अक्षर विसरले. समारंभाने उमेद दिली तरी ती टिकवण्याचे काम समारंभानंतरच्या रोजच्या दिवसांना करावे लागते.

रोजच्या दिवसांत हे काम बिघडते ते बहुधा मायेमुळेच. आईला मोबाईलवरून वीजबिल भरायचे असते, ती चष्मा चढवून बोटाने एकेक अक्षर शोधत असते, आणि मुलगा ‘आण इकडे, मी करतो’ म्हणून फोन काढून घेतो. त्याचा हेतू तिला त्रास वाचवण्याचा असतो; परिणाम मात्र असा होतो, की पुढच्या वेळी ती फोन आपणहून त्याच्या हाती देते आणि ‘मला नाही त्यातलं कळत’ हे वाक्य तिच्या स्वभावाचा भाग होऊन बसते. वडिलांना निवृत्तीनंतर तबला शिकावासा वाटतो आणि घरातले हसतात. हसण्यात दुष्टावा नसतो, पण डग्ग्याला हात लावण्याआधीच तो विषय संपतो. अशा वेळी शेजारी बसून, बिल चुकीचे भरले जाण्याचा थोडा धोका पत्करून, तिच्या बोटाला वेळ देणे आणि बिल भरले गेल्यावर ‘पासवर्ड तू न विचारता टाकलास’ असे नेमके सांगणे, हे साठीच्या समारंभातील शालश्रीफळापेक्षा अधिक मोलाचे आहे. शालही द्यावी. फक्त ती देताना होणाऱ्या भाषणात ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘त्यागी’ या विशेषणांऐवजी त्या माणसाने केलेल्या दोन खऱ्या गोष्टी सांगाव्यात, त्या त्याच्यादेखत सांगाव्यात, आणि मग त्याला विचारावे, की आजवर करायचे राहून गेलेले असे काय आहे.

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या फटक्यात मिळणार नाही. ‘माझं काय आता’ हेच उत्तर येईल. म्हणून तो पुन्हा विचारावा लागतो, आणि उत्तर येईल तेव्हा त्यासाठी वेळ काढून ठेवावा लागतो. फांगण्यातल्या बायकांनी शेती आणि घर सांभाळून दुपारचे दोन तास काढले. ज्या घरात अजून आई, मावशी, आजोबा, सासू आहेत त्या घराला आठवड्यातून तेवढा वेळ निश्चित काढता येईल, आणि तो याच आठवड्यापासून काढावा.